‘मम’ म्हणजे मामा

पाच वर्षांचं लेकरू अंगणवाडीच्या फरशीवर पाटी घेऊन बसलेलं असतं. पाटीवर त्यानं खडूनं दोन अक्षरं काढलेली असतात, ‘मम’. ‘‘काय लिहिलंस रे?’’ असं ताईनं विचारलं की ते क्षणाचाही विचार न करता सांगतं, ‘‘मामा!’’ जालना जिल्ह्यात असो की आणखी कुठे, नुकत्याच लिहू लागलेल्या मुलांच्या पाट्या पाहणाऱ्याला हे दृश्य नवं नाही. पुढे काय घडतं ते मात्र ताईवर अवलंबून असतं. एखादी ताई म्हणते, ‘‘काना कुठंय? पूस ते, नीट लिही.’’ दुसरी म्हणते, ‘‘अरे वा, मामा लिहिलास! चल, आता दोघं मिळून मामाला काने देऊ.’’

दोघींचाही हेतू चांगलाच. पण दुसरीला जे दिसलं ते पहिलीच्या नजरेतून निसटलं. त्या लेकरानं मनात ‘मामा’ म्हटलं, त्याचे दोन तुकडे पाडले, दोन्ही तुकडे ‘म’नं सुरू होतात हे कानानं टिपलं आणि दोन्ही जागी एकच अक्षर मांडलं. एवढं सगळं त्यानं आपल्या आपण केलं. राहिला तो फक्त काना. आणि काना काय, चार-सहा महिन्यांत येतोच.

एमिलिया फेरेरो या अर्जेंटिनात जन्मलेल्या आणि जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्या हाताखाली शिकलेल्या संशोधिकेनं अशा ‘चुकां’चाच अभ्यास केला. आना तेबेरोस्की यांच्याबरोबर लिहिलेलं तिचं पुस्तक १९७९ साली स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झालं आणि बालशिक्षणाच्या जगात खळबळ उडाली. शाळेत पाऊल टाकण्याआधीच मुलं लिखाणाबद्दल स्वतःचे नियम बनवत असतात, असं तिला दिसलं. एकाच अक्षराचा शब्द असूच शकत नाही, असं एखादं मूल ठामपणे सांगतं. मोठ्या प्राण्याचं नाव लिहायला अक्षरंही जास्त लागणार, असं दुसऱ्याला वाटतं. पुढे मूल शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला एकेक अक्षर देऊ लागतं, आणि शेवटी एकेका ध्वनीपर्यंत पोचतं. यातली प्रत्येक पायरी म्हणजे विचार आहे. पाटी पुसली की तो विचारही पुसला जातो, आणि मूल पुढच्या वेळी फळ्यावरचं उतरवून मोकळं होतं.

कॅनडाच्या क्विबेक प्रांतात फ्रेंच माध्यमाच्या बालवर्गांत याच विचाराला रीतसर जागा दिली गेली आहे. फ्रेंचमध्ये होडीला ‘बातो’ म्हणतात. त्यातला शेवटचा ‘ओ’ लिहायला रोमन लिपीतली तीन अक्षरं लागतात. ती का लागतात हे पाच वर्षांच्या मुलाला कळण्याचं कारण नाही. ते सरळ एकच ‘ओ’ लिहितं. तिथल्या शिक्षिका अशा लिखाणाला चूक म्हणत नाहीत, ‘ऑर्तोग्राफ आप्रोशे’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर शुद्धलेखनाच्या जवळ येऊन पोचलेलं लिखाण. मूल आधी आपल्या मनानं शब्द लिहितं, शेजारच्या मित्राशी ताडून पाहतं, का तसं लिहिलं ते सांगतं, आणि मगच शिक्षिका मोठ्यांच्या लिखाणातला शब्द दाखवते. इझाबेल मोंतेझिनोस-जले आणि मारी-फ्रान्स मोरँ यांनी २००६ मध्ये यावर शिक्षकांसाठी पुस्तकच लिहिलं.

आपल्या लिपीचा त्रास निराळा आहे. देवनागरीत ‘ओ’ लिहायच्या तीन तऱ्हा नाहीत. जसं ऐकू येतं, बरंचसं तसंच लिहिलं जातं. पण अक्षरांची संख्या मोठी. चौतीस व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बाराखडी मांडली, तर चारशे आठ आकृत्या होतात. त्यावर जोडाक्षरं आणि रफार वेगळे. सोनाली नाग यांनी २००७ साली कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कन्नडची लिपी वळणानं वेगळी असली तरी घडण देवनागरीसारखीच, अक्षरांची. इंग्रजी वर्णमाला मूल वर्ष-दीड वर्षात संपवतं, पण अशा लिपीतली सगळी अक्षरं हाताखाली यायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षं जातात, असं त्यातून पुढे आलं. जालन्यातल्या चार वर्षांच्या लेकराला बाराखडी येत नाही म्हणून कासावीस होणाऱ्या प्रत्येक आईबापाला हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

अक्षराचा विषय निघाला की या जिल्ह्यात समर्थांची आठवण येतेच. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे रामदास स्वामींचं जन्मगाव. १६०८ साली ते इथं जन्मले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षराचं वळण कसं असावं, ओळी कशा धराव्यात, कागद, शाई, लेखणी यांची तयारी कशी करावी, हे सगळं समर्थांनी त्यात बारकाईनं सांगितलं आहे. सुंदर अक्षराबद्दलची ही आस्था मराठी घरांत अजूनही आहे आणि ती असावीच. फक्त तो समास पोथ्या लिहिणाऱ्या हातांसाठी आहे. चार वर्षांच्या मुठीला तो लावला की घोटाळा होतो.

कारण ती मूठ अजून तयार झालेली नसते. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतातच, मऊ कूर्चा असते. एकेक करून ती टणक होत जातात. चौथ्या वर्षी एक्स-रे काढला तर साधारण तीन-चारच दिसतात, आणि शेवटचं वाटाण्याएवढं हाड दिसू लागायला आठवं वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. अशा मनगटाला चौकटीच्या वहीत रोज एक पान ‘अ’ गिरवायला लावणं म्हणजे न वाळलेल्या भिंतीवर पत्रे टाकणं.

त्या हाताला आधी माती हवी. श्रावणी अमावास्येला पोळा येतो, आणि मराठवाड्यातल्या गावागावांत लेकरं चिखलाचे बैल करतात. बैल करताना काय काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी तळव्यांमध्ये गोळा फिरवून अंग करायचं. मग अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत माती धरून ती खेचत खेचत वशिंड काढायचं. शिंगं वळायची, ती पडू नयेत म्हणून मुळाशी दाबायची. डोळ्याच्या जागी ज्वारीचा दाणा किंवा सरकी अलगद खोचायची. जोर जास्त झाला तर डोकं चेपतं, कमी झाला तर दाणा गळून पडतो. अंगठा आणि दोन बोटांची हीच चिमूट पुढे पेन्सिल धरते, आणि दाब कमी-जास्त करायचं हेच ज्ञान पुढे कागद न फाडता लिहायला कामी येतं. ज्वारीच्या धांड्याची गाडी करतानाही तेच. वरची साल सोलायची, आतल्या भेंडात काड्या खोचून चाकं जोडायची. नखं, बोटं, नजर, सगळी एका कामाला लागतात. पैसा लागत नाही.

हे सगळं महाराष्ट्राला परदेशातून कळलं, असंही नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी या गावात ग्राम बालशिक्षण केंद्र उभं केलं, आणि अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. मारिया माँटेसोरी यांनी बालशिक्षणासाठी घडवलेली साधनं महागडी होती. या दोघींनी शिंपले, दगड, बिया, पानं, बांबूच्या कांड्या, मातीची भांडी यांतून साधनं घडवली. पण खरी अडचण साधनांची नव्हतीच. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाई आणि अनुताई बालवाडी घेऊन त्या वस्तीत गेल्या, अंगणात बसल्या, आणि मुलं गोळा झाली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातून आला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जात, म्हणून कुरणशाळा निघाली. मोठ्या बहिणी धाकट्यांना कडेवर घेऊन येत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी विकासवाडी निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हाच शब्द मिळाला.

म्हणजे मूल येत नसेल तर शाळेनं त्याच्याकडे जायचं, आणि जाताना त्याच्या खेळातून आत शिरायचं, हा धडा इथल्याच मातीतला आहे. आज अनेक गावांतून अंगणवाडीची पहिली ओळख खाऊ, वजनकाटा आणि लसीकरण अशीच आहे. ती कामं मोलाची आहेत, पण अंगण मागे पडलं हे खरं.

आता खेळाकडे यावं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगोट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात काठीच्या घोड्याबद्दल सांगितलं होतं. काठीवर बसून ‘टकडक टकडक’ करणाऱ्या मुलाच्या मनात काठी ही काठी राहत नाही, ती घोड्याच्या जागी उभी राहते. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी करता येणं, हेच तर लिखाणाचं मूळ. ‘पाणी’ या दोन अक्षरांत ओल नसते, तरी ती अक्षरं पाण्याच्या जागी उभी राहतात. ज्यानं रुमालाला पत्र मानलं, त्याला अक्षराला आवाज मानणं जड जात नाही. ‘मामाचं पत्र हरवलं’ खेळणारी मराठी मुलं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत.

दुकान-दुकान हा खेळ तर अंगणवाडीत आयताच रंगतो. चहाच्या पुड्यांची रिकामी पाकिटं, साबणाची वेष्टनं, काड्यापेट्या, बिस्किटांचे कागद, तागडीला दोन करवंट्या, पैसे म्हणून चिंचोके. ताईनं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘दुकान’ लिहून टांगलं की फलक तयार. मग गिऱ्हाईक येतं. त्याच्या हातात कागदाचा कपटा असतो आणि त्यावर पेन्सिलनं काढलेल्या चार वाकड्यातिकड्या रेघा. ‘‘साखर, चहापत्ती, तेल, अन्‌ बाळासाठी बिस्किट,’’ असं ते त्या रेघांवर बोट फिरवत वाचतं. रेघांमध्ये अक्षर एकही नसतं. पण यादी डावीकडून उजवीकडे चालते, एका रेघेत एक जिन्नस असतो आणि लिहिलेलं पुन्हा वाचता येतं, हे तिन्ही नियम त्या लेकराला माहीत असतात. ते त्यानं घरी आईला किराण्याची यादी करताना पाहून उचललेले असतात. ताई त्याच कपट्यावर प्रत्येक रेघेखाली नीट शब्द लिहून देते, ‘साखर’, ‘तेल’. दुकानदार बनलेलं मूल वेष्टनावर ‘सा’ शोधू लागतं. साबणावरही ‘सा’ सापडतो आणि दोघांचं भांडण लागतं, साखर कोणती? असं भांडण दहा पानं गिरवून जे येणार नाही ते शिकवून जातं. (शेतीच्या जिल्ह्यात एक काळजी मात्र घ्यावी. औषधफवारणीची पाकिटं आणि डबे, कितीही धुतलेले असले तरी, खेळात आणू नयेत.)

एसटीचा खेळही असाच. चार पाट एकामागे एक मांडले की गाडी झाली. पुढच्या पाटावर ड्रायव्हर, मधल्या वाटेत वर्तमानपत्राची तिकिटं फाडणारा कंडक्टर, आणि गाडीच्या कपाळावर खडूनं लिहिलेली पाटी: जालना–अंबड. उद्या भोकरदन, परवा परतूर, नंतर मंठा, जाफराबाद, बदनापूर, घनसावंगी. आठ तालुक्यांच्या आठ पाट्या आलटून पालटून लावल्या तरी महिनाभर खेळ जुना होत नाही. लेकराला ज्या पाटीची गाडी मामाच्या गावाला जाते, ती पाटी ते सगळ्यांत आधी ओळखतं. आधी चित्रासारखी ओळखतं, अक्षरं सुटी करत नाही. मग एक दिवस अंबडचा ‘अं’ त्याला अंगणवाडीच्या भिंतीवर दिसतो.

कानाचं शिक्षण याहून आधी सुरू होतं. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चारशेच्या आसपास लहान मुलांचा चार वर्षं मागोवा घेऊन १९८३ मध्ये निष्कर्ष मांडले. कोणते शब्द एकाच आवाजानं सुरू होतात, कोणत्यांचा शेवट जुळतो, हे वाचायला लागण्याआधीच ज्यांच्या कानाला कळत होतं, ती मुलं पुढे वाचनात आणि शुद्धलेखनात सरस ठरली. मराठी घरांत बाळाला मांडीवर घेऊन म्हटली जाणारी बडबडगीतं, यमकांचे खेळ, कोडी, आणि थोडं मोठं झाल्यावर भेंड्या, ही या कानाची तालीमच आहे. भेंड्यांमध्ये समोरच्यानं संपवलेल्या शेवटच्या अक्षरावरून उचलायचं असतं, म्हणजे शब्दाचं शेपूट कानानं पकडावं लागतं. पाच वर्षांच्या मुलांशी गाण्याच्या भेंड्या अवघड जातात, शब्दांच्या भेंड्या मस्त चालतात. ‘कपाशी’वरून ‘शीळ’, ‘शीळ’वरून ‘ळ’ आल्यावर सगळे अडतात आणि हसतात. ‘ळ’वरून मराठीत शब्द सुरू होत नाही, हे व्याकरण त्या हसण्यातच कळतं.

आता सगळ्यांत अवघड मुद्दा, भाषेचा.

जालन्यात काय किंवा मंठ्यात काय, गल्लीच्या तोंडाशी इंग्रजी नर्सरीचा फलक दिसतो. आईबापांची ओढ समजण्यासारखी आहे. ऊसतोड करणाऱ्यालाही वाटतं, आपलं लेकरू साहेब व्हावं. परक्या भाषेच्या बालवर्गाचा जगातला एक गाजलेला प्रयोग फ्रेंचचाच आहे. मॉन्ट्रियलजवळ सेंट लॅम्बर्ट या उपनगरात इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरला आणि सप्टेंबर १९६५ मध्ये त्यांच्या मुलांसाठी संपूर्ण फ्रेंचमधला बालवर्ग सुरू झाला. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. मुलं फ्रेंच शिकली आणि त्यांचं इंग्रजीही मागे पडलं नाही. हे उदाहरण ऐकलं की कुणीही म्हणेल, मग आमच्या पोरांनी इंग्रजी बालवर्गात जायला काय हरकत?

हरकत कुठे आहे ते त्या वर्गाच्या तपशिलात दिसतं. तिथल्या शिक्षिका फ्रेंच बोलत, पण मुलांचं इंग्रजी त्यांना पूर्ण कळत असे. बालवर्गात मुलांना आपसात इंग्रजी बोलायची मुभा होती. गाणी, गोष्टी, खेळ यांतच वर्ष गेलं. वाचन पहिलीत सुरू झालं. आणि मुख्य म्हणजे घरात, रस्त्यावर, दूरदर्शनवर, बँकेत इंग्रजीचंच राज्य होतं. मुलाची स्वतःची भाषा सगळ्या बाजूंनी भक्कम होती. लॅम्बर्ट यांनी पुढे याला भर घालणारी द्विभाषिकता म्हटलं, आणि तिच्या उलट वजा करणारी द्विभाषिकताही असते हे सांगितलं. दुबळ्या मानल्या गेलेल्या भाषेचं मूल बलवान भाषेच्या शाळेत टाकलं, आणि त्याची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवली, की नवी भाषा येण्याआधी जुनी निसटू लागते.

जालना जिल्ह्यात या वजाबाकीची पहिली झळ बसते ती इंग्रजी शाळेतल्या मराठी मुलांना नाही. ती बसते मराठी अंगणवाडीतल्या तांड्यावरच्या मुलांना. बंजारा घरांत गोरमाटी बोलतात. शहरातल्या कितीतरी मुस्लिम घरांत दखनी आणि उर्दू आहे. अशा घरातलं तीन वर्षांचं लेकरू अंगणवाडीत येऊन गप्प बसलं तर ते मठ्ठ नसतं, परभाषेत बसलेलं असतं. त्याच्यासाठी मराठी अंगणवाडी हाच सेंट लॅम्बर्टचा फ्रेंच वर्ग आहे, फक्त तिथल्या सवलती त्याला मिळत नाहीत.

भिंतीवरच्या तक्त्याकडे त्याच्या नजरेनं पाहावं. ‘अ अननसाचा’. अननस या भागात पिकत नाही. ‘आ आईचा’. गोरमाटीत आईला ‘याडी’ म्हणतात. समजा ताईनं त्या तक्त्याखाली हातानं एक चित्र लावलं, डोक्यावर पाण्याचा हंडा घेतलेल्या बाईचं, आणि लिहिलं ‘य याडीचा’. त्या एका चिठ्ठीनं लेकराला कळतं की घरात बोललं जातं तेही लिहिता येतं. मग ‘क कपाशीचा’, ‘म मोसंबीचा’, ‘स सरकीचा’ असा जालन्याचा स्वतःचा तक्ता लेकरांबरोबर बसून करता येतो. चित्रं त्यांनी काढावीत, शब्द त्यांनी सांगावेत, लिहावं ताईनं. छापील तक्त्यापेक्षा तो वेडावाकडा दिसेल, पण लेकरं त्याच्यापुढे उभी राहून बोटं फिरवतील.

पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे गावी नीलेश निमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली ‘क्वेस्ट’ ही संस्था गेली बरीच वर्षं याच दिशेनं काम करते आहे. लहान मुलांची भाषा, त्यांच्याशी मोकळ्या गप्पा, चित्रांच्या पुस्तकांचं मोठ्यानं वाचन यांवर तिचा भर आहे. मराठवाड्यातल्या तांड्यांसाठी असं सातत्याचं काम करणारे हात आणखी हवेत.

कागदावर तर सगळं अनुकूल आहे. जुलै २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ या वयाला पायाभूत टप्पा मानलं, २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्यात खेळ मध्यावर ठेवला गेला. ‘पोषण भी, पढाई भी’ ही घोषणा २०२३ ची. महाराष्ट्राच्या अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ हा बालशिक्षण अभ्यासक्रमही तयार झाला. पण हे राबवायचं कुणी? त्याच सेविकेनं, जी वजनं घेते, आहाराचा हिशेब ठेवते, गरोदर बायांच्या घरी जाते आणि पोषण ट्रॅकरवर नोंदी भरते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी कर्मचारी संपावर गेल्या आणि जानेवारी अखेरपर्यंत तो संप चालला. मागण्या मानधन, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनच्या होत्या. दुकान-दुकान रंगवायला तासभर मोकळं मन लागतं. ते ज्या बाईकडून हवं, तिला पोटापुरता मोबदला आणि नोंदींपासून थोडी सुटका देणं हा बालशिक्षणाचाच भाग आहे, वेगळा प्रश्न नाही.

पालकांची बाजूही समजून घ्यावी लागेल. ‘‘ताई, पोरगं नुस्तं खेळतंय, लिहायला कायी देत नाहीत का?’’ ही तक्रार रोजची. तिला उत्तर भाषणानं देता येत नाही. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान चालवलं गेलं. त्यात गावोगाव मेळावे भरले, आयांचे गट झाले आणि घरी करायच्या सोप्या खेळांची कार्डं त्यांच्या हातात पडली. भाकरी थापताना पिठात बोटानं गोल काढायला देणं, कडधान्यं निवडून वेगळी करायला लावणं, किराण्याच्या यादीत एक जिन्नस लेकराकडून ‘लिहवून’ घेणं, हे न शिकलेली आईही करू शकते. आपल्या लेकराची रेघोट्यांची यादी आईनं एकदा गांभीर्यानं ऐकली की ‘नुस्तं खेळतंय’ हे वाक्य तिच्या तोंडून कमी येऊ लागतं.

एक गोष्ट या सगळ्यावर पाणी फिरवते. दसरा-दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढतं, आणि उन्हाळा लागेपर्यंत मुक्काम पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर, कोपीत. शाळेत नाव असलेल्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं उघडतात. चार वर्षांचं लेकरू त्यात बसत नाही. ते आईबरोबर जातं. तक्त्यावरचा ‘ऊ उसाचा’ त्याला पाचटात बसून कळतो, आणि अंगणवाडीचं अर्धं वर्ष तिथंच संपतं.

स्थलांतर एका रात्रीत थांबणार नाही. पण यंदा टोळी निघण्याआधी प्रत्येक गावातल्या ताईनं, सरपंचानं, आणि ज्यांचं गाव सुटलं पण गावाची ओढ सुटली नाही अशा शहरातल्या जालनेकरांनी एक काम करावं. जाणाऱ्या प्रत्येक लेकराच्या पिशवीत एक पाटी, खडूचा डबा, चित्रांच्या गोष्टीची दोन-तीन पुस्तकं आणि त्याचं नाव ठळक अक्षरांत लिहिलेली पुठ्ठ्याची पट्टी टाकावी. कोपीच्या दाराला ती पट्टी अडकवायला त्याच्या आईला सांगावं. कारखान्यांनीही फडाजवळच्या अंगणवाडीत या लेकरांना रोज पोचवायची सोय करावी. अंगणवाडीचा लाभ मूल जिथे असेल तिथे त्याला मिळायलाच हवा, मग त्याचं नाव मूळ गावच्या यादीत असो. हे लेखन वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा कारखान्याशी, मुकादमाशी किंवा पंचायत समितीशी संबंध आहे, त्यांनी दिवाळीच्या आधीच विचारणा करावी. टोळ्या निघाल्यावर पत्ते सापडत नाहीत.